मापाची सायकल

माझी उंची १५१ सेंटिमीटर आहे. फूट-इंचांत सांगायचं तर चार फूट साडेअकरा. लग्नासाठी माझी जी माहिती छापली होती तिच्यात आईने सरळ पाच फूट लिहून टाकलं होतं, आणि त्यावरून कुणाचं काही अडलं नाही. सायकलीच्या दुकानात मात्र असा अर्धा इंच ढापून चालत नाही. तिथे मधली नळी मांडीला लागते आणि खरं काय ते दोन सेकंदांत कळतं. मग दुकानदार म्हणतो, "होईल ॲडजस्ट, मॅडम. सीट खाली घेऊन देतो." हे वाक्य गेल्या तीस वर्षांत मी इतक्या वेळा ऐकलंय की आता तो तोंड उघडायच्या आधीच मला ऐकू येतं.

सीट खाली घेऊन पायांचा प्रश्न सुटतो. हातांचं काय?

आमच्या लहानपणी पुण्यात घरोघरी सायकल होती आणि तिची मापं बावीस इंची आणि चोवीस इंची अशी असायची. हे इंच सीटखालच्या नळीचे. मी शिकले ती वडिलांच्या बावीस इंचीवर, नळीच्या खालून पाय घालून, हाफ पायडल मारत. पुढे आठवीत मला लेडीज सायकल मिळाली. तिची नळी खाली वाकवलेली होती, म्हणजे स्कर्ट किंवा साडी सांभाळून चढता-उतरता यावं. सोय चांगलीच होती. पण लेडीज सायकल म्हणजे कमी उंचीच्या माणसाची सायकल नव्हे, हे मला फार नंतर उमगलं. ती कपड्यांसाठी बनवलेली होती. अंगासाठी कुणी बनवलेली नव्हती. सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर तिच्यातही दुसऱ्याच कुणाच्या तरी हातांच्या हिशेबाने होतं. (तमिळनाडूत पुदुक्कोट्टई जिल्ह्यात नव्वदीच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या, आणि त्यातल्या कितीतरी जणी जेन्ट्स सायकलच चालवत होत्या. तेव्हा लेडीज म्हणजेच बायकांची, हे समीकरण बायकांनी केलेलं नाही.)

नोकरी लागल्यावर, मुलगा मोठा झाल्यावर, मी पुन्हा सायकलीकडे वळले. शाळेत गणित शिकवते, त्यामुळे सुट्ट्या बऱ्या असतात. एका मोठ्या दुकानातून ॲल्युमिनियमची, वाकड्या हँडलची, 'एक्स्ट्रा स्मॉल' असं स्टिकर लावलेली सायकल घेतली. तिने मला पाच-सहा वर्षं बरंच फिरवलं, त्याबद्दल तिचे उपकार आहेत. पण चाळीस किलोमीटरनंतर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायचं, मान धरायची. आणि हळू वेगात वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागायचं. एकदा गर्दीच्या चौकात तसंच वळताना पाय अडकला आणि मी रिक्षासमोर आडवी झाले. रिक्षावाल्याने वेळेवर ब्रेक मारला म्हणून हा लेख. फिजिओथेरपिस्टने मान हलवून सांगितलं की आता सायकल बंद करा, या वयात चालणं उत्तम.

मी आधी भूमितीकडे गेले.

दुकानातल्या त्या सायकलीच्या चाकाची रिम ६२२ मिलिमीटरची. सहा फुटी पुरुषाच्या सायकलीलाही तीच रिम असते. २८ मिलिमीटरचा टायर धरला तर चाकाचा व्यास ६७८. फ्रेम कितीही लहान करा, एवढं चाक तिच्यात बसवायचं म्हटलं की पुढचा भाग एका हद्दीपलीकडे आखूड होतच नाही, कारण चाक पायडलवरच्या पावलाला येऊन भिडतं. मग कागदावर फ्रेम लहान दिसावी म्हणून एक युक्ती करतात. सीटखालची नळी जास्त उभी करायची. नळी उभी झाली की तिचं वरचं टोक पुढे सरकतं आणि वरची आडवी नळी मापात आखूड भरते. माझ्या सीटच्या उंचीला, म्हणजे पायडलच्या मध्यापासून साधारण ६१ सेंटिमीटरवर, एका अंशाला जवळजवळ एक सेंटिमीटर पडतो. दोन अंशांत तक्त्यातला आकडा दोन सेंटिमीटरने सुंदर दिसतो. प्रत्यक्षात मला पायांसाठी सीट तेवढीच मागे सरकवावी लागते आणि हँडल होतं तिथेच राहतं. नववीच्या मुलांना त्रिकोण शिकवताना मी हे उदाहरण आता दरवर्षी फळ्यावर काढते. मुलींना लवकर कळतं.

हे काही मी शोधलेलं नाही. अमेरिकेत जॉर्जीना टेरी नावाच्या मेकॅनिकल इंजिनिअर बाईने १९८५ मध्ये खास बायकांसाठी सायकली बनवणारी कंपनीच काढली. सगळ्यात लहान मापांत तिने मागे नेहमीचं चाक ठेवून पुढे २४ इंची चाक लावलं. लोक दचकून बघायचे म्हणे, पण पाऊल चाकाला लागत नव्हतं आणि हँडल हाताशी आलं होतं. चाक लहान केल्याशिवाय फ्रेम लहान होत नाही ही साधी गोष्ट तिने धीटपणे लोखंडात उतरवली. पुढे बाजाराने तिच्याकडून 'बायकांची सायकल' ही कल्पना तेवढी उचलली. चाकं तीच ठेवली, रंग बदलले.

आता एक प्रश्न स्वतःलाच विचारून पाहा. रेडीमेड ब्लाउज अंगाला बसला नाही तर आपण काय करतो? शिंप्याकडे जातो. तिथे कुणी "होईल ॲडजस्ट" म्हणालं तर तो शिंपी बदलतो. आपल्याकडे अगदी साध्या घरातली बाईसुद्धा ब्लाउज मापाने शिवून घेते आणि त्यात तिला काही चैन वाटत नाही. मग ज्या वस्तूवर पाच-पाच तास बसायचं ती मी आयती का घेत होते?

सायकलीच्या बाबतीत शिंप्याचं कापड म्हणजे पोलाद. कार्बनच्या फ्रेमला साचा लागतो आणि साचा महाग, म्हणून कार्बन ठरावीक मापांतच येतो. ॲल्युमिनियम जोडल्यावर बहुधा पुन्हा भट्टीत घालून कडक करावं लागतं, ते छोट्या वर्कशॉपला झेपत नाही. पोलादाची नळी हव्या त्या लांबीला कापा, कानशीने टोकं जुळवा, जोडा. एका माणसाला, एका खोलीत, एका बाईसाठी एक फ्रेम करता येते.

पोलादाबद्दल सायकलवाल्यांत फार भाबडी भक्ती आहे. तिच्यात मी नाही. "महागडं पोलाद जास्त लवचीक" वगैरे जे बोललं जातं ते बरोबर नाही. स्वस्त-महाग सगळ्या पोलादांचा ताठरपणा जवळपास सारखाच असतो. फरक असतो तो ताकदीत. ताकद जास्त म्हणून नळीची भिंत पातळ ठेवता येते, आणि पातळ नळी हलकी होते, थोडी जास्त वाकते. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी १८९७ मध्ये जे पेटंट घेतलं ते याच विचाराचं: नळी टोकांना, जिथे जोड येतो तिथे, जाड आणि मधे पातळ, पण बाहेरून एकसारखी. चपातीच्या कडा जाड राहिल्या तर आपण नाक मुरडतो, इथे ते मुद्दाम करायचं. माझ्या फ्रेमच्या नळ्या मधोमध अर्धा मिलिमीटर जाडीच्या आहेत. तयार फ्रेम करणाऱ्याला तिच्यावर कोण बसणार हे माहीत नसतं, तो नव्वद किलोचा माणूस धरून चालतो. माझं वजन ४८ आहे.

शहराबाहेर एका औद्योगिक वसाहतीत, पत्र्याच्या शेडमध्ये, एक तिशीतला मुलगा फ्रेमा करतो असं कळलं. त्याने मला भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि हातात एक जाडजूड पुस्तक दिलं. "ताई, हे पायांत सीटसारखं घट्ट वर धरा." भिंतीवर पुस्तकाच्या कडेशी पेन्सिलची खूण केली: ६९ सेंटिमीटर. मग हात, धड, खांदे, तळहाताची वीत. शेवटी विचारलं, "मान कुठे दुखते?" बोट ठेवून दाखवलं तर त्याने तेही वहीत लिहून घेतलं. इतक्या वर्षांत सायकल विकणाऱ्या कुणीही माझा हात मोजला नव्हता.

पैशांचं सांगायला हवं, कारण अशा लेखांत ते सहसा गाळतात. फ्रेम आणि सगळे भाग मिळून ज्या आकड्याला पोचलं त्यात चांगली स्कूटर आली असती. मी दोन पाटल्या मोडल्या. आईनेच केलेल्या होत्या, वीस वर्षं लॉकरमध्ये होत्या. आत्या म्हणाली, "सोनं मोडून लोखंड घेणारी तू पहिलीच." आई काही बोलली नाही. दोन दिवसांनी तिने फोन करून एवढंच विचारलं, की घडणावळ वजा करून भाव बरा मिळाला ना. तिच्या त्या प्रश्नात राग होता की होकार, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. विचारायचा धीरही होत नाही.

फ्रेम तयार व्हायला चार महिने लागले. त्या काळात मी एकेक भाग जमवत होते. माझी कसोटी एकच होती: हे माझ्या अंगाला बसतं का, आणि महाडच्या किंवा वाईच्या बाजारातल्या मिस्त्रीला हे दुरुस्त करता येईल का? दोन्हींना 'हो' असेल तरच घ्यायचं.

चाकं आधी ठरली. २६ इंची. आता २६ इंची म्हणजे नेमकं काय, हा एक स्वतंत्र विनोद आहे. टायरवर २६ लिहिलेलं असतं, पण रिमचं माप ५५९ असू शकतं, ५८४ असू शकतं, नाहीतर ५९०. एकाचा टायर दुसऱ्यावर चढत नाही. लेडीज सायकलींची '२६ गुणिले एक पूर्णांक तीन अष्टमांश' वेगळी आणि कॉलेजच्या पोरांच्या गिअरवाल्या जाड टायरच्या सायकलींची २६ वेगळी. ही दुसरी म्हणजे ५५९. मी तीच घेतली, कारण तिची ट्यूब गावोगाव टांगलेली असते. ३८ मिलिमीटरच्या टायरसकट व्यास ६३५. म्हणजे चाकाचा पुढचा काठ नाही, मागचा काठ माझ्या पावलापासून एकवीस मिलिमीटर दूर गेला.

क्रँक मिळायला सर्वांत त्रास झाला. पायडलचा दांडा बहुतेक सायकलींवर १७० मिलिमीटरचा असतो. उंच माणसाला, बुटक्याला, सगळ्यांना जवळपास तोच. माझ्या पायांना तो फेरा मोठा पडतो, गुडघा वर येताना पोटाशी येतो. मला १५५ हवा होता. दुकानदार म्हणाले, असं माप येत नाही. येतं, मागवावं लागतं. दांडा पंधरा मिलिमीटरने कमी झाला की पाऊलही चाकापासून तेवढं मागे येतं. एकवीस आणि पंधरा, छत्तीस. साडेतीन सेंटिमीटर जागा, फ्रेमला हात न लावता. मी हा हिशेब वहीत दोनदा करून पाहिला, कारण इतका सोपा असेल यावर विश्वास बसेना.

बाकीचं भराभर सांगते. ब्रेक रिमवर दाबणारे, डिस्क नाही, कारण त्यांचे रबर कुठेही मिळतात. लिव्हर अशी की स्क्रू फिरवून हँडलच्या जवळ आणता येते, माझी बोटं आखूड आहेत. गिअर मागे नऊ, पुढे एकच चक्र बत्तीस दात्यांचं. मागचं सगळ्यात मोठं छत्तीसचं, म्हणजे चढावर पायडलच्या एका फेऱ्यात चाक पूर्ण एकदाही फिरत नाही. लोक हसतात, पण घाटात मी बसून चढते. गिअरचं बटण नाही, अंगठ्याने ढकलायची साधी पट्टी आहे, जी सारंगीच्या सुरासारखी जरा शोधावी लागते. हँडल मागे वळलेलं. सीट ब्रुक्सची, चामड्याची, बायकांसाठीची आखूड नाकाची. ते बी-१७ मॉडेल १८९६ पासून निघतं आहे. पुण्याच्या पावसात चामडं म्हणजे वेडेपणा, पण त्यावर दुधाची रिकामी पिशवी बांधली की झालं. रंग पिकलेल्या जांभळाचा.

हबमध्ये सीलबंद बेअरिंग घेतलं नाही. साधे छर्रे घेतले: मागे पाव इंची, दोन्ही बाजूंना नऊ-नऊ. हा आग्रह काकांसाठी होता.

काका म्हणजे पेठेतले आमचे सायकलवाले. वय सत्तरीच्या पुढे. त्यांच्या वडिलांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. तास आणे-पैशांत मोजायचे, त्या काळातलं. आता शेजारी मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे आणि काकांकडे पंक्चरशिवाय फारसं कुणी येत नाही. ओव्हरऑईलिंग हा शब्द शेवटचा कधी ऐकला ते त्यांना आठवत नाही. मी जांभळी फ्रेम, सुट्या रिमा आणि चौसष्ट तारा घेऊन गेले तेव्हा त्यांनी आधी फ्रेम उचलली, नखाने टिचकी मारून मधली नळी वाजवली आणि म्हणाले, "पातळ आहे की गं. कुणी केली?" मग चष्मा पुसून सगळे जोड बोटाने चाचपले. बराच वेळ.

खालची वाटी मीच बसवली, त्यांच्यासमोर. पायडलचा एक्सल ज्या नळकांड्यात फिरतो त्याच्या आट्यांना जगभर बीएसए म्हणतात, बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स या बंदुकांच्या कारखान्यावरून. तेच नाव आपल्या लहानपणच्या बीएसए एसएलआर सायकलीवर होतं. ती चेन्नईची ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स बनवायची, जी १९४९ मध्ये त्याच नावाच्या इंग्लिश समूहाच्या भागीदारीत सुरू झाली. आणि रेनॉल्ड्सची नळीही एके काळी त्याच समूहाची. असं सगळं एका नळकांड्यात येऊन बसतं. गंमत म्हणजे उजव्या बाजूच्या वाटीचे आटे उलटे असतात. घट्ट करायला डावीकडे फिरवायचं. कारण समजून घ्यायचं तर बांगडीच्या आतून पेन्सिल घरंगळत न्या. पेन्सिल ज्या दिशेने गोल जाते त्याच्या उलट दिशेने स्वतःभोवती फिरते. पायडल मारताना वाटीवर असाच उलटा पीळ बसतो, आणि आटे सरळ असतील तर ती हळूहळू सुटत येते. काकांना हे कारण मी बांगडीने करून दाखवलं. ते म्हणाले, "पन्नास वर्षं उलटी फिरवतोय, का ते कुणी सांगितलं नव्हतं." आणि हातातली बांगडी आणखी दोनदा फिरवून पाहिली.

चाकं त्यांनी विणली. एका चाकाला बत्तीस तारा, प्रत्येक तार दुसऱ्या तीन तारांना ओलांडून जाते. मी योबस्ट ब्रँट यांचं १९८१ मधलं चाकांवरचं पुस्तक वाचलेलं होतं, त्यामुळे मला सिद्धान्त माहीत होता: तुम्ही सायकलवर बसता तेव्हा जमिनीलगतच्या काही तारांचा ताण कमी होतो आणि बाकीच्या तारांना जवळजवळ काही कळतही नाही. म्हणून सगळ्या तारा आधीच भरपूर ताणलेल्या हव्यात, खालच्या कधीच सैल पडता कामा नयेत. काकांना हे पुस्तक ठाऊक नाही. ते दोन दोन तारा मुठीत धरून जोरात दाबायचे, "बसू दे तिला" म्हणायचे, मग आउट काढायचे, पुन्हा दाबायचे. नेमकं हेच त्या पुस्तकात आहे, आकृतीसकट. मागच्या चाकाच्या उजव्या तारा डावीपेक्षा जास्त ताणाव्या लागतात, कारण गिअरच्या चकत्यांना जागा द्यायला हबची ती कड आत सरकलेली असते. काका हे कानाने करत होते. उजव्या तारा छेडायच्या, सगळ्या एका सुरात, मग डाव्या, त्या जरा खाली. दृष्टी कमी झालीय, रिम आणि ब्रेकमधली फट त्यांना आता नीट दिसत नाही. ती मी बघत होते. "उजवीकडे लागतंय, काका." "किती?" "केसभर." पाना पाव फेरा. असं दोन दुपारी चाललं. मजुरी विचारली तर त्यांनी पंक्चरच्या हिशेबात काहीतरी सांगितली. मी आकडा माझा माझा ठरवला, त्यावर वाद झाला, तो मी जिंकले.

पहिल्यांदा मोठी चालवली ती खडकवासल्याच्या पुढे, पानशेतच्या रस्त्याला. निघतानाच सोसायटीच्या फाटकाबाहेर मुद्दाम अगदी हळू, हँडल पूर्ण वळवून, एक गोल फेरी मारली. पाऊल सगळ्यात पुढे असताना चाक त्याच्याशेजारून गेलं, बोटभर अंतर ठेवून. वॉचमन बघत होता म्हणून आणखी एकच मारली. चाळीस किलोमीटरला मी वाटच पाहत होते करंगळीची. काही नाही. पन्नासला थांबून भजी खाल्ली, हात झटकून पाहिले. दोन्ही करंगळ्या जिवंत.

गुडघा दुखला. तो सायकलीमुळे नाही, सत्तेचाळीस वर्षांमुळे, आणि त्याला कुठली नळी कापून उपाय नाही. फिजिओथेरपिस्टकडे तो दाखवायला सायकलनेच गेले.

परत येताना काकांकडे थांबले, कारण नव्या तारा पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये थोड्या सैलावतात. त्यांनी चाक फिरवलं, कान लावला, दोन निपल फिरवले. मग मागे वाकून बघितलं आणि ड्रॉवरमधून एक साइड स्टँड काढला.

"हा घे. चांगला आहे, जुना माल."

"नको काका. मागच्या नळ्या पातळ आहेत, स्टँडची पकड आवळली की चेपतील."

"मग टेकवणार कुठं?"

"भिंतीला."

"आणि भिंत नसली तर?"

मी म्हटलं, मग आडवी ठेवीन गवतात. त्यांनी स्टँड पुन्हा ड्रॉवरमध्ये टाकला, ड्रॉवर नेहमीप्रमाणे अर्ध्यावर अडकला, आणि ते तो ठोकून बंद करेपर्यंत मी दाराच्या चौकटीला सायकल लावून हात धुऊन घेतले.